फेब्रुवारीत सुरकुतणाऱ्या लिथॉप्सला पाणी द्यावे की नाही?

पूर्वेची_बाल्कनी (सिंहगड रस्ता)

सर्वांना नमस्कार. गेल्या वर्षी जानेवारीत एका पुष्पप्रदर्शनातून मी लिथॉप्सची, म्हणजे ज्यांना 'जिवंत दगड' म्हणून विकतात त्या वनस्पतीची, तीन रोपे आणली. "आठवड्यातून एकदा चमचाभर पाणी द्या, याला बाकी काही लागत नाही," असे विक्रेत्याने सांगितले होते आणि मी ते वर्षभर अक्षरशः पाळले. आता तिघांपैकी दोनच उरली आहेत आणि त्या दोघांची लक्षणे एकमेकांच्या अगदी उलट आहेत, म्हणून येथे विचारत आहे.

तांबूस तपकिरी रंगाचे पहिले रोप ऑगस्टमध्ये गेले. आदल्या संध्याकाळी ते चांगले टणक होते, पण सकाळी बोट लावले तर अति पिकलेल्या चिकूसारखे आत गेले. राखाडी रंगाच्या दुसऱ्या रोपाच्या दोन पानांमधल्या भेगेतून डिसेंबरच्या सुरुवातीला पानांची नवी जोडी वर आली. मला फार आनंद झाला होता, परंतु जुनी जोडी अजूनही तशीच फुगलेली आहे आणि नवी तिच्या डोक्यावर बसल्यासारखी उंच वाढत चालली आहे. तिसऱ्याचे मात्र जानेवारीच्या मध्यापासून उलटेच सुरू झाले. त्याची पाने मऊ पडली असून कडेने सुरकुत्या पडल्या आहेत आणि भेगेत खोलवर काहीतरी हिरवट दिसते. ते घाबरवणारे वाटल्याने मी जानेवारीअखेरपासून दोन्ही रोपांचे पाणी थांबवले आहे. आईचे म्हणणे असे की रोप तहानेने व्याकूळ झाले आहे आणि मी उगाच त्याचा छळ मांडला आहे.

आमची बाल्कनी चौथ्या मजल्यावर, पूर्वेकडे तोंड करून आहे. सकाळी सात ते साडेदहापर्यंत थेट ऊन मिळते आणि पावसाळ्यात वारा असला की तिरपी सर आत येते. रोपे विकत आणली त्याच पांढऱ्या चिनी मातीच्या लहान कुंड्यांमध्ये अजून आहेत. सुरकुतलेल्या रोपाला पाणी द्यावे का, दुसऱ्याची जुनी पाने कापून टाकावीत का, आणि येणारा पावसाळा यांना कसा पार करून द्यावा, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे.

मुरूम_आणि_भरड (कोथरूड)

ताई, तिसऱ्या रोपाला पाणी घालू नका. हे सर्वांत आधी लिहितो, कारण बाकीचे वाचून होईपर्यंत आपल्या आईंनी झारी उचललेली असेल.

लिथॉप्सला वर्षाला पानांची एकच जोडी येते. हिवाळ्यात जुन्या जोडीच्या पोटात नवी तयार होते आणि भेग फाकवून वर येते. या काळात नव्या पानांना लागणारे पाणी मुळांकडून यावे अशी रोपाची अपेक्षा नसते, कारण ते जुन्या पानांतून ओढून घ्यायचे असते. जुनी पाने ही त्या रोपाची टाकी आहे. टाकी रिकामी होत गेली की पाने सुरकुततात, पातळ होतात आणि शेवटी कांद्याच्या सालीसारखी कोरडी होऊन नव्या जोडीच्या बुडाशी चिकटून राहतात. आपल्या तिसऱ्या रोपात जे चालले आहे ते नेमके हेच आहे. भेगेत दिसणारे हिरवट ते नवे बाळ आहे, आणि आई आटत आहे म्हणून ते वाढत आहे.

दुसऱ्या रोपातही हीच घटना घडत होती, फक्त ती मध्येच बिघडली. त्याची नवी जोडी डिसेंबरात आली आणि आपला चमचा जानेवारीअखेरपर्यंत चालूच राहिला. टाकी वरून भरली जात असताना जुन्या पानांनी आटायचे कशासाठी? म्हणून ती फुगलेली राहिली आणि नवी जोडी तिच्या डोक्यावर चढली. तेव्हा दोन्ही रोपांची लक्षणे उलट दिसत असली तरी ऋतू एकच आहे. एकाला त्या ऋतूत दोन महिने पाणी मिळाले, दुसऱ्याला जेमतेम पंधरा दिवस.

जुनी पाने कापू नका. ती मांसल असताना कापली तर जखम ओली राहते, आणि बुरशीला आमंत्रण देण्याचा याहून सोपा मार्ग नाही. पाणी पूर्ण बंद ठेवा आणि वाट पाहा. मे महिना उजाडेपर्यंत ती जोडी बहुधा आटेल. आटली नाही तर रोप वर्षभर बेढब दिसेल, पण जगेल.

तहानेच्या सुरकुत्या आणि पाने पालटतानाच्या सुरकुत्या यांत फरक कसा करायचा, हे नवीन माणसाला अवघड जाते. मी आधी भेग पाहतो. भेग फाकलेली असून आत नवे पान दिसत असेल तर सुरकुत्या कितीही पडोत, झारीकडे जायचे नाही. भेग मिटलेली असेल, महिना ऑक्टोबर-नोव्हेंबरचा असेल आणि रोप मातीत किंचित खाली बसलेले दिसत असेल, तर संध्याकाळी दिसलेल्या सुरकुत्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तपासतो. दुपारच्या उन्हाने सैलावलेले रोप रात्रीतून सावरते, खरोखर तहानलेले असेल ते सावरत नाही. या सावधपणापायी माझे एकही रोप आजवर कोरडे पडून मेलेले नाही. पाण्याने मात्र बरीच मेली आहेत.

'आठवड्याला चमचाभर' हा सल्ला इतका सर्वत्र का दिला जातो, हे मला कळलेले नाही. चमचाभर पाण्याने वरचा बोटभर थर ओला होतो आणि मुळे असतात त्याच्या खाली. म्हणजे बुंध्याशी सतत ओल आणि मुळाशी सतत कोरड, असा दोन्हीकडून तोटा होतो. मी वर्षातून सात-आठ वेळाच पाणी देतो, पण दिले की कुंडीच्या तळाच्या छिद्रातून वाहीपर्यंत देतो आणि पुढे माती तळापर्यंत वाळेपर्यंत तिकडे पाहत नाही.

पुण्याच्या हवेप्रमाणे माझे वर्ष असे चालते. पाऊस मागे सरला आणि ऑक्टोबरचे ऊन तापू लागले की पहिले भरपूर पाणी देतो. तेव्हापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत हीच खरी वाढीची आणि फुलांची वेळ असते. डिसेंबरच्या मध्यावर पाणी बंद करतो. पुण्याची थंडी कधी दहा अंशांखाली गेली तरी कोरड्या कुंडीतल्या रोपाला तिचा काहीही त्रास होत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारचे ऊन टाळण्यासाठी हिरव्या जाळीखाली सरकवतो आणि नवी जोडी फारच मलूल दिसली तर सूर्य मावळल्यावर एखादे वेळी थोडे पाणी देतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत रोपे पारदर्शक पत्र्याखाली असतात आणि पाणी पूर्ण बंद. पावसाळ्यात घातलेला एक तांब्या हा डिसेंबरातल्या दहा तांब्यांपेक्षा महाग पडतो.

एक विचारायचे राहिले. कुंडीला तळाला छिद्र आहे का, आणि आत माती कसली आहे?

निवृत्त_शिक्षिका (सदाशिव पेठ)

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे. पावसाळ्याबद्दल माझे मत मात्र निराळे आहे. ते सांगण्यापूर्वी ही वनस्पती कशी चालते याविषयी थोडे लिहिते, कारण ते समजले की पाण्याचे वेळापत्रक पाठ करावे लागत नाही.

लिथॉप्सचे घर दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या कोरड्या, गारगोट्यांनी भरलेल्या माळांवर आहे. विल्यम बर्शेल या निसर्ग-अभ्यासकाने १८११ साली तेथे एक विचित्र आकाराचा खडा समजून हिला उचलले आणि हाती आली ती वनस्पती. एन. ई. ब्राउन यांनी १९२२ मध्ये ही स्वतंत्र प्रजाती मानून तिला लिथॉप्स हे नाव दिले. ग्रीक भाषेतील त्याचा अर्थ 'दगडासारखे रूप' असा होतो. तिथे रोपाचा बहुतेक भाग जमिनीत असतो आणि वर केवळ चपटा माथा दिसतो. तो माथा म्हणजे खिडकी आहे. तिथली त्वचा अर्धपारदर्शक असते, प्रकाश तिच्यातून खाली उतरतो आणि पानाच्या आतल्या भिंतींना अस्तरासारख्या लागलेल्या हरितद्रव्यापर्यंत पोहोचतो. म्हणजे प्रकाशसंश्लेषण बऱ्याच अंशी जमिनीखाली चालते. प्रकाश कमी पडला की रोप माथा उंच करून त्याच्याकडे धावते. त्यामुळे दुसऱ्या रोपाच्या उंचीत काही वाटा पाण्याचा असला तरी काही अपुऱ्या उन्हाचाही असावा, असा माझा अंदाज आहे. साडेतीन तासांचे ऊन वाईट नाही, पण कुंडी कठड्याच्या आड असेल तर त्यातले निम्मेच माथ्यापर्यंत पोहोचते. ती उंचावर ठेवून पाहा. ऊन मात्र हळूहळू वाढवा, कारण सावलीला सरावलेले रोप एकदम उन्हात नेल्यास त्याच्या माथ्यावर पांढरे डाग पडतात आणि ती जोडी वाळेपर्यंत जात नाहीत.

दुसरी गोष्ट रात्रीची. या वनस्पती दिवसा पर्णरंध्रे मिटून घेतात आणि रात्री हवा थंड झाली की उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात, कारण दिवसा उघडली तर साठवलेले पाणी उडून जाईल. म्हणून त्यांना रात्रीचा गारवा मानवतो. मुंबईपेक्षा पुण्यात यांची तब्येत बरी राहते याचे एक कारण आपल्या रात्री आहेत, असे मला वाटते.

आता पावसाळ्याविषयी. लिथॉप्सच्या कित्येक जातींच्या मूळ प्रदेशात पाऊस उन्हाळ्यातच पडतो, त्यामुळे पाऊस हा यांचा शत्रू आहे असे सरसकट म्हणता येत नाही. तिथे वादळी सर येते, तासाभरात ओसरते आणि लगेच कडक ऊन पडून खडी कोरडी होते. आपल्याकडे जुलैत आठवडेच्या आठवडे आभाळ दाटलेले असते आणि कुंडी वाळतच नाही. रोप मरते ते न वाळणाऱ्या कुंडीमुळे. म्हणून मी पावसाळ्यात चार दिवसांची सलग उघडीप मिळाली आणि कुंडी तळापर्यंत कोरडी असली, तर त्या उघडीपीच्या पहिल्या दिवशी लिथॉप्स लेस्लीला थोडे पाणी देते. ही जात मुळातच त्यातल्या त्यात पावसाच्या गवताळ भागातली असून आपल्याकडे सर्वांत सोशिक ठरते. चार महिने एक थेंबही न मिळाल्याने लहान रोपांची बारीक मुळे जळतात आणि मग ऑक्टोबरात पाणी दिले तरी ते शोषायला मुळेच उरलेली नसतात, हेही मी पाहिले आहे.

मुरूम_आणि_भरड (कोथरूड)

मॅडम, आपला मुद्दा शास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे आणि लहान रोपांच्या मुळांबाबत तर मी पूर्ण मान्य करतो. अडचण अशी की उघडीप चार दिवसांची आहे हे पाचव्या दिवशी कळते. एका जुलैत मी पहिल्या दिवशी ऊन पाहून पाणी दिले, दुसऱ्या दिवशी जी झड लागली ती नऊ दिवस हटली नाही आणि माझी अकरा रोपे गेली. तेव्हापासून मोठ्या रोपांच्या बाबतीत मी भित्राच राहिलो आहे. आपल्याकडे लेस्ली टिकते याचे श्रेय लेस्लीइतकेच आपल्या मातीलाही असावे.

कबुतरग्रस्त (कर्वेनगर)

पाण्यावर बोलण्याइतका माझा अधिकार नाही, पण दोन गोष्टी सांगतो. पहिली म्हणजे नर्सरीत 'दगडफूल आहे का' असे विचारू नये. मी विचारले तेव्हा मला शेजारच्या किराणा दुकानात पाठवण्यात आले, आणि त्यात त्या माणसाची काही चूक नव्हती. गोड्या मसाल्यातले दगडफूल म्हणजे दगडांवर आणि झाडांच्या सालींवर वाढणारे शैवाक, म्हणजे बुरशी आणि शेवाळ मिळून बनलेला जीव, त्याचा याच्याशी संबंध नाही. 'लिथॉप्स' असेच विचारावे. मांजरी ते उरुळी कांचनपर्यंतच्या रोपवाटिकांमध्ये चार ठिकाणी फिरल्यावर एखाद्या ठिकाणी मिळतात.

दुसरी म्हणजे संकेतस्थळांवर निळ्या, जांभळ्या आणि इंद्रधनुषी लिथॉप्सचे बी स्वस्तात विकले जाते, ते घेऊ नये. निळे लिथॉप्स निसर्गात नाही. मी मागवलेल्या पाकिटातून जे उगवले ते गवत होते. खरे बी खसखशीपेक्षाही बारीक असते आणि हातावर घेतले तर धूळ वाटते, एवढे ध्यानात ठेवले असते तर माझे पैसे वाचले असते.

कबुतरांनी रोपे उपटून टाकल्याची कथा पुन्हा केव्हा तरी सांगेन. जाळी बसवा, एवढेच म्हणतो.

पूर्वेची_बाल्कनी (सिंहगड रस्ता)

सर्वांचे मनापासून आभार. झारी सध्या कपाटात आहे.

आपण विचारल्यावर दुसरे रोप कुंडीतून काढून पाहिले आणि लाज वाटली. कुंडीला छिद्र नाही. वर शोभेचे पांढरे खडे चिकटवलेले होते आणि त्यांच्याखाली जवळजवळ निव्वळ कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, निघाले. कडेचा भाग कोरडा ठणठणीत असला तरी मधला गोळा पंधरा दिवसांनंतरही ओलसर होता. मुळे थोडीच आहेत आणि त्यांच्यावर कापसाच्या कणांसारखे पांढरे काहीतरी चिकटलेले आहे. ती बुरशी आहे का? तिसऱ्या रोपाच्या मुळांवर तसे काही दिसले नाही. दोघांना आता वर्तमानपत्रावर सावलीत ठेवले आहे.

मुरूम_आणि_भरड (कोथरूड)

पहिले रोप ऑगस्टमध्ये का गेले, याचे उत्तर आपणच शोधून काढलेत. बिनछिद्राच्या कुंडीत कोकोपीट म्हणजे ओला स्पंज बरणीत घालून ठेवण्यासारखे आहे.

ते पांढरे कण काडीने उचलून दोन बोटांत चिरडून पाहा. चिकट, मेणचट लागले तर तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण, म्हणजे रस शोषणारी कीड, आहे. एरवी मी त्यासाठी औषधाचे पाणी कुंडीत ओततो, पण आत्ता तेच तर ओतायचे नाही. म्हणून मुळे नळाच्या बारीक धारेखाली धुवा, मऊ पडलेली किंवा काळी झालेली मुळे स्वच्छ कात्रीने काढा, उरलेल्यांवर सर्जिकल स्पिरिटचा बोळा हलकेच फिरवा आणि रोप चार-पाच दिवस सावलीत, वारा लागेल असे उघडे ठेवा. धुतल्याने दुष्काळ मोडेल याची भीती बाळगू नका, दोन मिनिटांच्या धारेने टाकी भरत नाही. बिनमातीचे राहिल्यानेही ते मरत नाही. माझ्याकडे एक रोप कपाटामागे पडून महिनाभर तसेच राहिले होते.

मातीसाठी बाहेरून महागडे प्यूमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) मागवण्याची गरज नाही, कारण पुण्याचा मुरूम त्यासाठी उत्तम आहे. तो दोन चाळण्यांमधून काढा. मोहरीपेक्षा बारीक ते टाकून द्या, ज्वारीपेक्षा मोठे ते कुंडीच्या तळाला ठेवा आणि मधले बादलीत घालून गढूळ पाणी निघायचे थांबेपर्यंत धुवा. या धुण्यात लोक आळस करतात आणि मग पहिल्याच पाण्यात मुरमाचा चिखल होऊन बसतो. अशा धुतलेल्या, वाळवलेल्या मुरमाचे चार भाग आणि चाळलेल्या पोयट्याचा एक भाग पुरतो. शेणखत घालू नका. कुंडी मातीची, छिद्राची आणि किमान बोटभर नव्हे तर वीतभरापेक्षा थोडी कमी खोल घ्या, कारण वर दिसणारे रोप सुपारीएवढे असले तरी त्याचे मूळ खाली बरेच लांब जाते. माथे उघडे राहतील आणि बुंध्याला तेच कोरडे मुरूमखडे टेकतील असे लावा. कोरड्याच मातीत लावा आणि पाणी देऊ नका. तिसऱ्यालाही तसेच बदला.

निवृत्त_शिक्षिका (सदाशिव पेठ)

मुरमाच्या बाबतीत माझाही हाच अनुभव आहे.

नवे रोप घेणार असाल तर आहे त्याच जातीचे दुसरे घ्या, असे सुचवते. लिथॉप्समध्ये स्वतःच्या परागाने बी धरत नाही, दोन वेगळी रोपे एकाच वेळी फुलावी लागतात. बियांपासून वाढवलेले रोप साधारण तीन वर्षांनी फुलू लागते. फूल बहुधा पिवळे किंवा पांढरे असते आणि ते दुपारी उमलते. पूर्वेच्या बाल्कनीत त्यासाठी थोडी अडचण येईल, फुलाच्या आठवड्यात कुंडी दुपारच्या उन्हात हलवावी लागेल. बी धरलेच तर वाळलेल्या बोंडावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहा. ते काही क्षणांत चांदणीसारखे उघडते आणि वाळले की पुन्हा मिटते. पावसाच्या थेंबाने बी उडवायचे आणि पाऊस नसताना जपून ठेवायचे, अशी ती योजना आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी पूर्वी हे एकच दाखवत असे आणि तास संपल्याचे त्यांच्या लक्षात येत नसे.

पूर्वेची_बाल्कनी (सिंहगड रस्ता)

जूनचा पहिला आठवडा उजाडला आहे, म्हणून कळवत आहे. तिसऱ्या रोपाची जुनी जोडी एप्रिलअखेर कागदासारखी झाली. आतली नवी जोडी जुनीच्या आडव्या दिशेने आली असून ती टणक आहे आणि तिच्या माथ्यावर करड्या रेषांची जाळी आधीपेक्षा स्पष्ट दिसते. दुसऱ्याची मुळे नव्याने फुटली असावीत, कारण आता ते हलवले तरी मातीत घट्ट बसलेले जाणवते. पिठ्या ढेकूण पुन्हा दिसला नाही. या दुसऱ्या रोपाची खालची जुनी जोडी मात्र अर्धीच आटली आहे आणि काल वळवाची सर येऊन गेली. कुंड्या मी आत, खिडकीजवळच्या मेजावर आणल्या आहेत. ती अर्धी ओली जोडी पावसाळ्यात कुजेल का?

मुरूम_आणि_भरड (कोथरूड)

शक्यता आहे. छताचा पंखा दिवसातून काही तास तिच्यावरून फिरू द्या, आणि दर दोन-तीन दिवसांनी खालच्या पानाचा बुडखा नखाने हलकेच दाबून पाहा. टणक किंवा चामड्यासारखा लागला तर काहीही करू नका. पिवळट, पारदर्शक आणि मऊ झाला तर मात्र वाट पाहू नका. त्याच दिवशी ते एक पान बुडापासून काढा, जखमेवर दालचिनीची पूड किंवा बुरशीनाशकाची भुकटी लावा आणि रोप आठवडाभर कोरड्या मुरमावर नुसते ठेवा. उघडीप पाहून मला किंवा मॅडमना विचारल्याशिवाय पाणी देऊ नका, आणि आमच्या दोघांची उत्तरे वेगळी आली तर माझे ऐका.